पाते, पाटा आणि पेरणी

१. एक रास्त शंका

पुराणवस्तुसंग्रहालयात काचेच्या पेटीत मांडून ठेवलेली, बोटाच्या दोन पेरांहून लांब नसलेली गारगोटीची पाती पाहून आणि त्यांच्याखाली ‘आद्य शेतकऱ्यांची हत्यारे’ अशी चिठ्ठी वाचून कोणाही विचारी माणसाच्या मनात पहिली शंका येते ती ही, की दगडावर ना अक्षर ना शिक्का, मग या पात्याने गहू कापला, की गवत कापले, की हरणाचे कातडे सोलले, हे साडेतीन हजार वर्षांनंतर कोणी आणि कशाच्या आधारावर सांगावे? शंका अगदी रास्त आहे. ‘तज्ज्ञ सांगतात म्हणून’ एवढ्या उत्तरावर तिची बोळवण करणे म्हणजे विचारणाऱ्याच्या बुद्धीचा अवमान करणे होय. आणि खरोखर पाहता या शास्त्रात जे काही रोमांचकारी आहे, ते निष्कर्षात नसून निष्कर्षापर्यंत पोचण्याच्या वाटेतच आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की प्राचीन शेतकऱ्याच्या घरातील बहुतेक चीजवस्तू नाशवंत होत्या. लाकडाची मूठ कुजली, वेताची पाटी विरून गेली, दोर, कातडे, गवताचे छप्पर ही सारी मातीत मिळून गेली आणि मागे राहिला तो दगड, भाजलेली माती, थोडी हाडे आणि अपघाताने जळून कोळसा झाल्यामुळेच टिकलेले काही दाणे. दगडावर आपण एवढा भर देतो, तो त्या लोकांच्या जीवनात दगडाला सर्वांत अधिक मोल होते म्हणून नव्हे. साक्ष द्यायला तोच काय तो शिल्लक राहिला, एवढेच त्याचे कारण आहे. ही साक्ष एकतर्फी आहे याची जाणीव सोडून तिचा अर्थ लावू लागलो, तर पदोपदी फसगत व्हावयाची.

अशी फसगत विद्वानांचीही झाली आहे. १८६५ मध्ये इंग्लंडात जॉन लबक यांनी पाषाणयुगाचे जुने आणि नवे असे दोन भाग केले, तेव्हा घासून गुळगुळीत केलेली दगडी हत्यारे ही नव्या पाषाणयुगाची खूण मानली होती. पुढे याच नव्या युगाशी शेतीचा संबंध जोडला गेला आणि घासीव कुऱ्हाड दिसली की तेथे शेतकरी होता असे समीकरण कित्येक वर्षे बिनदिक्कत चालले. परंतु ऑस्ट्रेलियात आणि जपानात, शेतीची कल्पनाही नव्हती अशा शिकारी व कंदमुळे गोळा करणाऱ्या लोकांनी तीस हजार वर्षांहून अधिक पूर्वी घासून धार काढलेल्या कुऱ्हाडी वापरल्या होत्या, हे निर्विवाद सिद्ध झाल्यावर ते समीकरण टिकले नाही. हत्याराच्या रूपावरून त्याच्या मालकाचा धंदा ठरवता येत नाही. ते कसे घडवले, वापराने कोठे आणि कसे झिजले आणि कशाच्या सोबतीत सापडले, या गोष्टी तपासल्यावाचून त्याची जबानी पुरी होत नाही.

२. पात्याची घडण

दक्षिणेचा आपला मुलूख सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा बनला आहे. तो लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि त्या पोकळ्यांत झिरपणाऱ्या पाण्यातील सिलिका, म्हणजे वाळूचे आणि काचेचे जे मूळ द्रव्य तेच, साचून अकीक, कॅल्सेडनी, जास्पर असे नाना जातींचे गुळगुळीत दगड तयार झाले. आपण या सर्वांना सरसकट गारगोटी म्हणतो. काळा पाषाण झिजून गेला तरी हे कठीण गोटे नद्यांच्या पात्रांत उरतात. गोदावरी, प्रवरा, भीमा, घोड यांच्या काठी राहणाऱ्या माणसाला हत्याराचा कच्चा माल विकत आणावा लागत नव्हता, फक्त ओळखावा लागत होता.

या दगडाचा मोठा गुण असा, की तो काचेसारखा फुटतो. योग्य कोनात योग्य जागी आघात झाला, तर त्याचा पातळ छिलका निघतो आणि त्या छिलक्याची कड पोलादाच्या नव्या पात्याला हार जाणार नाही इतकी तीक्ष्ण असते. परंतु नुसता दगड फोडून एकसारखी, सरळ, दोन्ही कडा समांतर असलेली पाती मिळत नाहीत. त्यासाठी ताम्रपाषाणयुगातील, म्हणजे तांबे माहीत झाले होते परंतु दगडही सुटला नव्हता अशा काळातील, कारागिराने जी युक्ती योजली आहे ती जवळून पाहण्याजोगी आहे. मुठीएवढा गोटा घेऊन त्याच्या एका अंगाला तो प्रथम उभी कणा-रेषा तयार करी. एक छिलका डावीकडून, दुसरा उजवीकडून, असे आळीपाळीने काढीत गेले, की मध्ये नागमोडी धार उभी राहते. त्या धारेच्या माथ्यावर नेमका आघात वा दाब दिला, की तिला धरून गोट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांब पाते सुटून येई. कारण दगडातून जाणारा तडा उंचवट्याच्या रेषेने धावतो, हे त्याला अनुभवाने ठाऊक झाले होते. पहिले पाते सुटले, की त्याच्या जागी दोन नव्या सरळ रेषा उमटत. त्यांच्या आधाराने दुसरे पाते, मग तिसरे, आणि असे करता करता गोट्याचा जो गाभा उरे, तो सभोवार पन्हळी पडलेल्या लहान खांबासारखा दिसे. अशी पाती आणि असे गाभे नेवासे, दायमाबाद, जोर्वे, चांडोली, इनामगाव येथे आणि नर्मदेकाठी महेश्वरसमोरच्या नावडाटोलीस विपुल सापडले आहेत.

निघालेल्या पात्यांतील पुष्कळशी पुढे आणखी संस्कार करून घेतलेली आढळतात. एका कडेवर बारीक टिचक्या मारून ती कड मुद्दाम बोथट केलेली असते. धार बोथट करण्याचा हा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. परंतु ही बोथट बाजू लाकडाच्या वा हाडाच्या खाचेत डिंकाने बसवायची असते, आणि तीक्ष्ण कड खाचेला चिरून सैल करणार नाही एवढी खबरदारी त्यात घेतलेली असते. संग्रहालयात आपण जे पाहतो ते हत्यार नसून हत्याराचा एक दात आहे. एक दात तुटला, तर तेवढाच काढून दुसरा बसवावा आणि दांडा तोच वापरावा; तांबे दूरवरून आणावे लागे, ते महाग पडे, अशा काळात या तजविजीचे मोल किती असेल हे सांगायला नकोच.

येथे सावध राहिले पाहिजे, कारण असेच लहान लहान दगडी दात, शेतीच्या पुष्कळ आधी, शिकारी लोकही बाणांना आणि भाल्यांना बसवीत असत. उत्तर गुजरातेतील लांघणज येथे हसमुख धीरजलाल सांकलियांनी आणि राजस्थानात कोठारी नदीकाठच्या बागोर येथे वीरेंद्रनाथ मिश्रांनी जी सूक्ष्म हत्यारे खणून काढली, ती मुख्यतः अशा मृगयाजीवी लोकांची आहेत. पात्याची घडण पाहून कारागिराचे कौशल्य कळते. त्याच्या ताटात काय होते, ते कळत नाही.

३. धारेवरची झिलई

ताटाकडे नेणारी पहिली खूण डोळ्यांनाही दिसू शकते. काही पात्यांच्या कापणाऱ्या कडेवर एक चकचकीत पट्टा असतो, तो पात्याच्या उरलेल्या निस्तेज अंगापासून स्पष्ट वेगळा उठून दिसतो. जात्याच्या खुंट्याला वर्षानुवर्षांच्या हाताने जशी तुकतुकी येते, तशी ही दगडाला आलेली तुकतुकी आहे. फरक इतकाच, की ती हाताने आलेली नसून धान्याच्या ताटांनी आलेली आहे. गहू, जव, भात आणि एकंदर सर्व गवतवर्गीय वनस्पती जमिनीतून पाण्याबरोबर सिलिका शोषून घेतात आणि ती आपल्या देठापानांत सूक्ष्म कणांच्या रूपाने साठवतात. उसाच्या पानाने बोट कापते ते याच कणांच्या करणीने. अशी हजारो ताटे एकाच धारेने कापली, की ते कण, झाडातील ओलावा आणि घर्षण यांच्या संयोगाने दगडाचे सूक्ष्म उंचवटे सपाट होऊन त्याला पॉलिश चढते.

हा शोध आजचा नाही. इंग्लंडात एफ. सी. जे. स्परेल यांनी १८९२ मध्येच जुन्या दगडी विळ्यांवर टिपण लिहून या चकाकीचा संबंध कापणीशी लावला होता. त्यानंतर १९३० च्या सुमारास सेसिल कर्वेन यांनी चकमकीच्या पात्यांनी स्वतः लाकूड, बोरू आणि पिकाची ताटे कापून, कशाने कशी चकाकी येते हे पडताळून पाहिले. कापून पाहावे आणि मग बोलावे, हा त्यांचा मार्ग मला विशेष आदरणीय वाटतो. पुढे लेनिनग्राडमध्ये सेर्गेई सेम्योनोव यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धारेवरील ओरखड्यांचा, झिजेचा आणि झिलईचा पद्धतशीर अभ्यास मांडला. त्यांचा १९५७ चा रशियन ग्रंथ १९६४ मध्ये इंग्रजीत आला आणि तेव्हापासून हे स्वतंत्र शास्त्र झाले. कातडे खरवडणाऱ्या पात्याची कड गोलसर व मंद होते, हाडावर चाललेल्या पात्याला खाचा पडतात, लाकडावर चाललेल्याची झीज निराळी. आणि ओरखडे धारेला समांतर असले तर पाते करवतीसारखे मागेपुढे ओढले गेले, आडवे असले तर ते खरवडण्यासाठी वापरले, इतपत बारकाईने आता सांगता येते.

झिलईचा पट्टा पात्यावर कसा पसरला आहे, यावरून ते दांड्यात कसे बसवले होते तेही उमगते. बलुचिस्तानात बोलन खिंडीच्या पायथ्याशी असलेल्या मेहेरगढ येथे, सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी प्रारंभ झालेल्या वस्तीत, नैसर्गिक डांबरात तिरकी बसवलेली विळ्याची पातीच मिळाली. पाती तिरकी असल्यामुळे त्या विळ्याला दाते आले होते. ईजिप्तमधील फायूमच्या खोलगटात गर्ट्रूड केटन-टॉमसन यांना तर याहून दुर्मीळ योग लाभला. तेथील कोरड्या वाळूत गवताच्या चटयांनी अस्तर केलेली धान्याची पेवे टिकून राहिली होती, त्यांत जव-गव्हाचे दाणे होते, आणि तेथेच एका पेवात लाकडी दांड्यात चकमकीचे दाते बसवलेला अखंड विळा पडला होता. धान्य आणि ते कापणारे हत्यार एकाच खड्ड्यात! आपल्याकडील ओल-उन्हाच्या हवेत असा दांडा टिकणे जवळजवळ अशक्यच, म्हणून अशा एका सापडीचे तेज दूरवरच्या शेकडो सुट्या पात्यांवर पडते.

तथापि झिलई म्हणजे शेती, असे म्हणण्याची घाई करू नये. बोरू, देवनळ, लव्हाळा, छपरासाठी कापलेले गवत, या सर्वांत सिलिका असते. त्यांनीही दगड चमकतो. सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने अनुभवी अभ्यासक हे भेद पुष्कळसे ओळखतात, पण पात्याने फक्त ‘मी ओले गवतवर्गीय ताट कापले’ एवढेच सांगितले, असे धरून चालणे हे शहाणपणाचे.

४. कापले खरे, पण पेरले का?

समजा, झिलई निःसंशय धान्याची आहे. तरीही ते धान्य कोणी पेरले होते की रानात आपोआप उगवले होते, हा प्रश्न राहतोच. पॅलेस्टाइन आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात नाटुफी नावाने ओळखल्या जाणाऱ्या लोकांनी बारा-चौदा हजार वर्षांपूर्वी हाडाच्या मुठीत चकमकीची पाती बसवून विळे केले होते आणि त्यांवर झिलई आहे. परंतु ते लोक रानगहू आणि रानजव कापीत होते, शेती करीत नव्हते. गालिली सरोवराची पातळी १९८९ मध्ये उतरली तेव्हा ओहालो येथे उघड्या पडलेल्या झोपड्या तर तेवीस हजार वर्षांच्या जुन्या आहेत. तेथेही चकाकी आलेली पाती मिळाली, आणि एका दगडावर जवासारख्या रानधान्याच्या पिठाचे सूक्ष्म कण चिकटलेले आढळले. म्हणजे विळा आणि पाटा हे दोन्ही शेतीच्या कित्येक सहस्रके आधीचे आहेत!

रानधान्यावर माणसाचे पोट भरेल तरी का, हे पाहण्यासाठी जॅक हार्लन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने तुर्कस्तानातील काराजादाग डोंगरावर रानगहू स्वतः कापून पाहिला, प्रथम नुसत्या हाताने आणि मग चकमकीच्या पात्याच्या विळ्याने, आणि १९६७ मध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध केली. ताशी साधारण एक किलो स्वच्छ धान्य पदरात पडते, असे त्यांना आढळले. आता आपण हिशेब करू. पाच माणसांच्या कुटुंबाला दर माणशी दररोज अर्धा किलो धान्य धरले, तर दिवसाला अडीच किलो आणि वर्षाला सुमारे ९१२ किलो लागेल. घरातील चार माणसे रोज दहा तास राबली, तर दिवसाला ४० किलो. म्हणजे तेवीस दिवसांत वर्षाची बेगमी झाली. जेथे रानगहू गर्दीने उगवतो, तेथे तीन आठवड्यांत एक कुटुंब वर्षभर पुरून उरेल इतके धान्य गोळा करू शकेल, हाच हार्लन यांचाही निष्कर्ष होता. असे असेल तर शेतीचा उपद्व्याप कोणी करावा, हा प्रश्न मग फारच अवघड होतो आणि त्याचे एकच एक उत्तर आजही देता येत नाही.

पेरणीची खूण मात्र दगडात नसून दाण्यात आहे. रानगव्हाची ओंबी पिकली की ठिसूळ होते, दाणे आपोआप गळून पडतात आणि रुजतात. रोपाच्या दृष्टीने हे हिताचेच आहे. पाळीव गव्हाची ओंबी पिकली तरी अखंड राहते, ती माणसानेच मळावी लागते. ओंबीच्या ज्या सांध्यातून दाणा सुटतो, त्या सांध्यावर रानगव्हात गुळगुळीत वण दिसतो, पाळीव गव्हात तुटल्याचा खडबडीत डाग दिसतो. जळालेल्या सांध्यांवरही हा फरक सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतो.

आणि येथेच विळ्याची भूमिका कळते. रानात हजार रोपांत एखादे असे निपजते, की त्याची ओंबी गळत नाही. समजा, पीक पूर्ण पिकल्यावर विळ्याने कापले, तेव्हा गळणाऱ्या ओंब्यांतील निम्मे दाणे धक्क्याने जमिनीवर सांडले आणि न गळणाऱ्या ओंबीतील सगळे घरी आले. घरी आलेल्या धान्यातूनच पुढच्या वर्षाचे बी राखले, तर न गळणाऱ्यांचे प्रमाण हजारात एकावरून जवळजवळ दोनावर जाईल. त्याच्या पुढच्या वर्षी चारावर, मग आठावर. असे दरवर्षी दुप्पट होत गेले तर दहा वर्षांत शेतातील निम्मी रोपे न गळणारी होतील. कोणीही जाणूनबुजून निवड न करता, केवळ विळ्याच्या वापराने आणि बी राखण्याच्या रिवाजाने, वनस्पतीचा स्वभाव पालटेल.

कागदावरचा हा हिशेब सुबक आहे. प्रत्यक्षात मात्र प्राचीन वस्त्यांतून निघालेल्या दाण्यांवरून हा बदल पुरा व्हायला हजार वर्षांहून अधिक काळ लागला असे दिसते. लोक पीक थोडे हिरवट असतानाच कापीत असावेत, म्हणजे गळ होत नसे आणि निवडही होत नसे. शिवाय शेतात सांडलेले रानदाणे पुढच्या पावसात पुन्हा रुजत आणि पेरलेल्यात मिसळून जात. दहा वर्षांचे काम कित्येक पिढ्यांवर गेले. रानातून शेतात येण्याची वाट इतकी लांब होती की तिच्यावरून चालणाऱ्या कोणालाही आपण कोठे जात आहोत याचा पत्ता नसावा.

५. पाट्यावरचे श्रम

धान्य घरात आले की ते दळायचे असते. त्यासाठी जो दगड होता तो फिरत्या जात्याचा नव्हता. आपल्याकडे जाते आले ते सातवाहनकाळाच्या आसपास. त्याच्या आधीची सहस्रके लांबट, मध्ये खोलगट झालेल्या दगडावर, घोड्याच्या खोगिराच्या आकाराच्या पाट्यावर, दोन्ही हातांनी वरवंटा पुढे-मागे ढकलून पीठ केले जाई. पाट्याची खोली पाहून तो किती वापरला गेला असेल याचा अदमास करता येतो. मात्र पाट्यावर गेरू वाटता येतो, कंद ठेचता येतात, रानातली बीजे भरडता येतात. म्हणून दगडाच्या रंध्रांत अडकलेले पिष्टकण तपासणे आवश्यक ठरते.

पाट्याची खरी कैफियत मात्र माणसाच्या हाडांनी दिली आहे. सीरियात युफ्राटिस नदीवर धरण होणार म्हणून १९७२–७३ मध्ये अँड्रू मूर यांनी अबू हुरेरा या वस्तीचे घाईघाईने उत्खनन केले, आणि तेथील सांगाड्यांचा अभ्यास पुढे थेया मोलेसन यांनी केला. पुष्कळशा सांगाड्यांत, त्यातही मुख्यतः स्त्रियांच्या, पायाच्या अंगठ्याचा सांधा झिजून सुजलेला, गुडघ्याच्या हाडांना अनैसर्गिक कडा आलेल्या आणि कंबरेवरचा मणका दबलेला आढळला. अंगठे मागे मुडपून, गुडघे टेकून, कंबरेतून पुढे झुकून वरवंटा रेटीत बसायचे आणि हे रोज तासन्‌तास, बालपणापासून मरेपर्यंत, असे केल्यावाचून नेमक्या याच जागा बिघडत नाहीत. तेथील दातही पिठात मिसळणाऱ्या दगडाच्या कपरीने झिजलेले होते. शेतीच्या इतिहासात पेरणीचे आणि नांगराचे गुणगान पुष्कळ झाले; ज्या बायकांच्या गुडघ्यांनी त्या धान्याचे अन्न केले, त्यांची नोंद हाडांतच राहिली, आणि ती वाचताना मन हलल्याशिवाय राहत नाही.

६. जमीन कशी फोडली?

जमीन फोडण्याआधी तिच्यावरचे रान तोडावे लागते, म्हणून प्रथम कुऱ्हाडीविषयी एक प्रयोग सांगतो. डेन्मार्कच्या ड्रावेड अरण्यात १९५० नंतरच्या वर्षांत योहानेस इव्हेर्सेन आदी अभ्यासकांनी संग्रहालयातील खऱ्या नवाश्मयुगीन कुऱ्हाडींना नवे दांडे बसवून झाडे तोडून पाहिली. पोलादी कुऱ्हाडीच्या सवयीने खांद्यापासून जोरकस घाव घातला की दगड तुटे. कोपरातून, आखूड आणि भराभर घाव घातले तर काम सुरेख होई. तीन माणसांनी चार तासांत सुमारे पाचशे चौरस मीटर भूर्जवन साफ केले. दगडी कुऱ्हाडीने रान तोडणे ही अशक्य गोष्ट नव्हती, हे एवढ्याने ठरले. कर्नाटकात बळ्ळारीजवळच्या संगनकल्लू येथे डोलेराइट या कठीण काळ्या दगडाच्या घासीव कुऱ्हाडी घडवण्याचा मोठा कारखानाच होता, आणि तेथील लोक बारीक तृणधान्ये, मूग आणि कुळीथ पिकवीत होते.

नांगर मात्र लाकडाचा, म्हणून तो सहसा हाती लागत नाही. भीमेच्या खोऱ्यातील वाळकी येथे गुरांच्या जाड हाडापासून केलेला फाळ मिळाला, ही म्हणून मोलाची सापड. राजस्थानात कालीबंगन येथे तर हत्यार नाही पण त्याचे काम सापडले: जवळजवळ पाच हजार वर्षांपूर्वी नांगरलेल्या शेताचे एकमेकांना छेदणारे तास मातीत जसेच्या तसे दबून राहिले होते. एका दिशेचे तास जवळजवळ आणि दुसऱ्या दिशेचे दूरदूर, दोन पिके एकाच शेतात घेण्याची ही रीत त्या भागातल्या शेतकऱ्यांनी आजवर राखलेली आहे.

७. इनामगाव

आता या सर्व जबान्यांची रुजवात एका गावात घालून पाहू. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथील पांढरीच्या टेकाडांचे उत्खनन सांकलिया, मधुकर केशव ढवळीकर आणि अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले आणि शंभराहून अधिक घरे उघडी पाडली. एक-दोन खड्डे खणून भांड्यांचा क्रम लावण्यावर समाधान न मानता अख्खे गाव उलगडून पाहण्याचा हा संकल्प आपल्या पुरातत्त्वात अपूर्व होता, आणि महाराष्ट्राच्या आद्य शेतकऱ्यांविषयी आज जे काही खात्रीने बोलता येते त्याचा मोठा हिस्सा त्या चिकाटीचे फळ आहे.

वस्ती इ. स. पू. १६०० च्या सुमारास माळव्याच्या संस्कृतीचे लोक येऊन सुरू झाली, मग जोर्वे संस्कृतीचा भरभराटीचा काळ आला आणि इ. स. पू. १००० नंतर उत्तर-जोर्वे काळ. पात्यांची, गाभ्यांची आणि छिलक्यांची रेलचेल आहे, म्हणजे हत्यारे गावातच घडत होती. पाटे-वरवंटे आहेत. त्यांच्या जोडीला जळालेले धान्य आहे: जव हे मुख्य पीक, शिवाय गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा. जव आणि गहू ही आपल्याकडची रानटी धान्ये नव्हेत. ती पश्चिमेकडून पाळीव होऊनच आली. हिवाळी पिके असल्याने त्यांना पाणी हवे, आणि जोर्वे काळात नदीचे पुराचे पाणी वळवण्यासाठी खणलेला पाट आणि दगडी बांध गावालगत सापडला आहे. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराशेजारी धान्याचे कोठार होते. उत्खननकर्त्यांनी ते गावच्या मुख्याचे मानले, आणि पाटाचे पाणी वाटण्यास असा कोणी अधिकारी लागतच असणार. हाडांत गुरे सर्वांत अधिक आहेत. विळ्याचे पाते, दळण्याचा पाटा, पाळीव दाणा, पाट आणि कोठार एकाच थरात, एकाच गावात मिळाले, की शंकेला जागा राहत नाही: येथे शेतकरी राहत होते.

पुढचा भाग मला याहून महत्त्वाचा वाटतो. उत्तर-जोर्वे काळात मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, जव-गव्हाचे दाणे घटले, गुरांचे प्रमाण खाली आले आणि शेळ्या-मेंढ्यांची व हरणांसारख्या रानपशूंची हाडे वाढली. पाऊस कमी होत गेल्याने हे लोक स्थिर शेती सोडून अर्धे मेंढपाळ, अर्धे शिकारी असे जीवन जगू लागले, असा निष्कर्ष ढवळीकरांनी काढला. कारणाविषयी सर्व अभ्यासकांचे एकमत नाही, पण बदल झाला यात वाद नाही. आणि या साऱ्या घालमेलीत गारगोटीचे पाते होते तसेच राहिले: तीच कणा-रेषा, तोच पन्हळी गाभा, तीच बोथट केलेली पाठ. जवाची ताटे कापणारा आणि हरणाचे मांस कापणारा हात एकाच प्रकारचे पाते उचलीत होता. एखाद्या उत्साही संशोधकाने इनामगावची केवळ पातीच तपासली असती, तर नऊशे वर्षे तेथे काहीच घडले नाही असे त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवले असते. गाव इ. स. पू. ७०० च्या सुमारास ओस पडले. त्या काळी दख्खनच्या हवामानात खरोखर काय पालट झाला, याचा विचार पुढील प्रकरणात करावयाचा आहे.